भराईच्या खोलीतलं सेशन

शीतल बराच वेळ काही बोलत नव्हती आणि मला वाटत होतं, सेशन झकास चाललंय.

लॅपटॉपवर दोन चौकटी होत्या. एकीत शीतल, तेरखेड्यात आपल्या घरी भिंतीला टेकून बसलेली. दुसरीत तिचा नवरा बालाजी. तो गावाबाहेर फटाक्यांच्या कारखान्यात कामाला आहे आणि त्याची दुपारच्या जेवणाची सुट्टी चालू होती. आधीच्या तीन सेशनमध्ये "हं", "व्हय" आणि "तिलाच इचारा" यापलीकडं या माणसानं तोंड उघडलं नव्हतं. आज तो आपणहून बोलत होता. मी धाराशिवला माझ्या घराच्या मागच्या खोलीत बसून भराभर टिपणं घेत होते आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

"खरं सांगू का मॅडम," तो म्हणाला, "भ्या मला बी वाटतंय. रोज वाटतंय. पर घरी कसं सांगावं? ही आधीच धास्ती घिऊन बसलेली. म्या बी रडगाणं लावलं तर घर चालंल का?"

नवऱ्याच्या तोंडून असं वाक्य निघायला कधीकधी सहा-सहा महिने लागतात. मी मान डोलावली. "बोला बालाजी, बोला. शीतल ऐकतेय."

शीतल ऐकत नव्हती. ती त्याच्या चौकटीत डोळे रोखून काहीतरी बघत होती. मला वाटलं, बिचारीला भरून आलंय.

नवरा-बायकोचं समुपदेशन हे माझं काम. आधी बावीस वर्षं एका केंद्रात समोरासमोर बसून केलं, आता पुण्याच्या एका संस्थेमार्फत ऑनलाइन करते. आमच्याकडं मारहाणीची, कोर्टकचेरीची प्रकरणं येत नाहीत. येते ती रोजची कटकट. तो बोलत नाही, ती ऐकत नाही, सासू मध्ये पडते, असलं. आमचे हे या कामाला 'उंटावरून शेळ्या हाकणं' म्हणतात. स्वतः एसटीत बसल्या जागी नोकरी करून रिटायर झाले, तरी तोंड बंद नाही. मी ते हसण्यावारी नेत असे.

हे जोडपं माझ्याकडं आलं ते शीतलच्या मावसबहिणीमुळं. (नावं बदलली आहेत, आणि दोघांना विचारूनच हे लिहितेय.) तक्रार बालाजीची होती. बायको दिवसातून पंधरा-पंधरा फोन करते. कारखान्यात मोबाईल आत न्यायला बंदी आहे. सकाळी तो गेटवर मुकादमाच्या पेटीत ठेवायचा आणि सुट्टीत काढायचा. काढला की मिस्ड कॉलची ही रांग. बरोबरची माणसं चिडवायची, "बाल्या, घरनं हजेरी घ्यायलेत बघ." दोनदा ती डब्याचं निमित्त करून गेटवरच येऊन उभी राहिली. मग त्यानं बोलणंच टाकलं. घरी यायचं, जेवायचं, भिंतीकडं तोंड करून झोपायचं. दिवाळी तोंडावर आलेली, काम दुप्पट आणि अबोला तिप्पट.

शीतलचे वडीलही याच कामात होते, दुसऱ्या एका गावी. ती दुसरीत असताना त्यांचा उजवा हात भाजला. बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. पुढं कितीतरी दिवस ही पोर त्यांना घास भरवायची. पहिल्या सेशनमध्ये तिनं हे दोन वाक्यांत सांगितलं आणि मी दोन ओळींत लिहून घेतलं. 'बालपणीच्या आघातामुळे पत्नीला अकारण भीती. पतीवर सतत पहारा.' अकारण या शब्दाखाली रेघही मारली, चांगली ठळक.

आमच्यात 'होमवर्क' देतात. म्हणजे दोन सेशनच्या मध्ये घरी करून बघायची छोटीशी गोष्ट. मी शीतलला सांगितलं, उठसूट फोन करायचा नाही. बालाजीला सांगितलं, सुट्टी झाली की पेटीतून फोन काढून एक मिनिट तिच्याशी बोलायचं. याला आम्ही 'चेक-इन' म्हणतो. ठरल्या वेळी 'मी ठीक आहे' एवढंच कळवायचं. ते जमलं. पंधराचे पाच फोन झाले.

घोडं पेंड खात होतं ते सेशनमध्ये. बालाजी गेटजवळच्या चिंचेखाली बसून सेशनला यायचा आणि त्याच्या मागं पाच-सहा जण डबे सोडून कान टवकारून बसलेले असायचे. तो काय बोलणार, कपाळ? तिसऱ्या सेशनच्या शेवटी मी त्याला चांगलंच झापलं.

"अहो बालाजी, नवरा-बायकोचं बोलणं असं चावडीवर करतात का? पुढच्या वेळी एकटे बसा. शांत खोली बघा. दार लावून घ्या."

"कारखान्यात तसली जागा कुठं मिळंल मॅडम?"

"शोधली की मिळते. मनावर घ्या जरा."

वर संस्थेचं सूचनापत्रकही पाठवलं. क्लायंटनं एकट्यानं बसावं. दार बंद असावं. फोन हातात न धरता समोर टेकवून ठेवावा. चार्जिंग कमी असेल तर पॉवर बँक जोडून ठेवावी. बालाजीनं सगळं मनावर घेतलं. इतका आज्ञाधारक क्लायंट मला नंतर मिळाला नाही, आणि मिळूही नये.

तर, त्या दुपारी शीतलनं विचारलं, "तुमी कुठं बसलाव?" आवाज इतका बारीक, की मला वाटलं नेट गेलं.

"आत," बालाजी म्हणाला.

"आत म्हंजी?"

त्यानं खांद्यावरून मागं बघितलं.

"भराईच्या खोलीत हाव का तुमी?"

"सुट्टी हाय की. कुणी न्हाय हितं. मॅडमच म्हणल्या हुत्या, एकटं बसा म्हणून."

भराईची खोली म्हणजे भुईनळ्यांत दारू भरतात ती खोली. बाकीच्या शेडपासून लांब, एकटीच उभी असते. एका वेळी आत एक-दोनच माणसं. काडेपेटी नाही, मोबाईल नाही, लोखंडाची वस्तू नाही, पायात चप्पलसुद्धा नाही. ठिणगी पडायला तिथं विस्तव लागत नाही, काही घासलं तरी पुरतं. सुट्टीत आत कुणी थांबायचं नाही हाही नियम, म्हणूनच ती रिकामी होती. मी सांगितली होती तशी खोली सगळ्या कारखान्यात ती एकच होती.

आता मला दिसायला लागलं. त्याच्या मागं लाल बादली होती. ती मला पहिल्यापासून दिसत होती, पण मी ती मोरीतली समजले होते. ती वाळूची होती. त्याच्या बोटांना राखाडी भुकटी लागली होती. मला वाटलं होतं, कष्टाचा माणूस, हात मळणारच. बाजूच्या फळीवर भरलेल्या भुईनळ्यांच्या रांगा होत्या. दिवाळीचा माल, घाईत तसाच ठेवून माणसं जेवायला गेली होती. आणि त्याची चौकट जराशी तिरपी होती, कारण फोन कशाला तरी टेकवलेला होता.

"फोन कशाला टेकवलाय?" मी विचारलं.

"डब्याला. दारूच्या. झाकान हाय त्याला."

"आन ती वायर कसली?" शीतल म्हणाली.

"पॉवर बँक. पत्रकात हुतं की."

मोबाईलनं दारू पेटते की नाही यावर शिकलेल्यांत दोन मतं असतील. मला त्या घडीला एकही मत नव्हतं. सकाळभर गेटवरच्या पेटीत तापलेला जुना फोन, त्याला लावलेली पॉवर बँक आणि खाली दारूचा डबा, एवढंच डोळ्यांपुढं नाचत होतं. आणि हे सगळं मी मांडलं होतं, धाराशिवात पंख्याखाली बसून.

"कॉल कट करा!" मी किंचाळले. "फोन बंद करा, फेका बाहेर, पळा!"

तो दचकून पुढं झुकला.

"हात लावू नका!" शीतल म्हणाली. मग मला म्हणाली, "मॅडम, तुमी गप बसा."

मी गप बसले. इतक्या वर्षांत कुणी क्लायंट मला असं बोललं नव्हतं, आणि ती बोलली म्हणून बरं. माझं ऐकून तो धडपडत उठला असता तर पुढं काय झालं असतं, याचा विचार मी आजही पुरा करत नाही.

फॉर्मवर आम्ही इमर्जन्सी नंबर घेतो. काही झालं तर कुणाला फोन करायचा, तो. मी घाईघाईनं फॉर्म उघडला. बालाजीच्या फॉर्मवर शीतलचा नंबर होता आणि शीतलच्या फॉर्मवर बालाजीचा. मुकादमाचा नंबर मी कधी मागितलाच नव्हता.

तेवढ्यात मला दुसरी गोष्ट आठवली. आमच्या अॅपमध्ये चाळिसाव्या मिनिटाला घंटा होते. 'दहा मिनिटं उरली.' घंटेबरोबर क्लायंटचा फोन थरथरतो. ती माझ्याकडून बंद होत नाही. मी सेशन संपवलं तरी तीच घंटा होते. कोपऱ्यातल्या घड्याळात छत्तिसावं मिनिट चालू होतं. डब्याला तिरपा टेकवलेला फोन थरथरला तर घसरून कुठं जाईल, ते मला इथून दिसत नव्हतं.

"शीतल," मी हळू म्हणाले, "चार मिनिटांत त्यांचा फोन वाजणार आहे. थरथरणार आहे. मला थांबवता येत नाही."

तिचं सगळं लक्ष नवऱ्याकडं होतं.

"आवो, ऐका. घाई करायची न्हाय आन थांबायचं बी न्हाय. दोनी हातानं उचला. फोन आन ती बॅटरी, संगट. वायर ताणू दिऊ नका."

बालाजीचा चेहरा आत्ता कुठं बदलला. त्या खोलीत तो हजार वेळा गेला असेल. आज पहिल्यांदाच ती खोली तो बायकोच्या डोळ्यांनी बघत होता. "शीतल," तो म्हणाला, "मला काय..."

"बोलू नका. उचला."

चित्र हललं. पत्रा दिसला, मग भिंत, मग त्याची हनुवटी.

"उठा आता. पाय घासत चालू नका, उचलून टाका. खाली सांडलंय का?"

"जरासं."

"कडंनं या. दार?"

"बांधलंय."

तिनं डोळे मिटले. त्या खोल्यांची दारं बाहेर उघडतात आणि त्यांना आतून कडी नसते. काही झालं तर माणसानं नुसतं अंग टाकावं आणि बाहेर पडावं म्हणून. बालाजीनं ते दार आतून सुतळीनं खुंटीला बांधून घेतलं होतं. दार बंद असावं, असं पत्रकात होतं.

"एका हातानं दोनी छातीशी धरा," शीतल म्हणाली. "दुसऱ्यानं गाठ सोडा. हिसका दिऊ नका."

माझ्या पडद्यावरची त्याची चौकट काळी झाली. फोन शर्टाला टेकला होता. आता नुसता आवाज येत होता, कापड घासल्याचा आणि त्याच्या श्वासाचा. श्वास जोरजोरात चालला होता. सदतिसावं मिनिट गेलं. अडतिसावं गेलं.

"सुटंना."

"सुटंल. तुमीच मारलीय न्हवं? कशी मारली ती आठवा, आन तशी उलटी सोडा."

"हात कापालाय शीतल."

"कापू द्या. माझा बी कापालाय. सोडा तुमी."

मी देवाधर्माची फारशी नाही. त्या मिनिटात मी तुळजापूरच्या आईला ओटी बोलले. पडदा काळा आणि घड्याळ चालू. बाहेर आमच्या गल्लीत भांडीवाली ओरडत चालली होती, तिचा मला राग आला. एकोणचाळिसावं मिनिट लागलं. मला सारखं वाटत होतं, आता आवाज येईल, आणि तो आवाज मला लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरमधून ऐकावा लागेल, आणि त्याच वेळी शीतलला तो खिडकीतून ऐकू येईल.

मग काळी चौकट एकदम पांढरी झाली. ऊन.

"भाईर आलो."

"थांबू नका. चिंचेपातुर चाला. चाला म्हणते ना!"

तो चालत होता. आभाळ वरखाली होत होतं. आणि घंटा वाजली. फार गोड आवाज आहे तिचा, देवघरातल्यासारखा. मी मोठ्यानं ओरडले. स्वयंपाकघरातून हे धावत आले, काय झालं म्हणून. काही झालं नव्हतं. बालाजीच्या हातात फोन थरथरून थांबला आणि तो चालत राहिला.

चिंचेखाली पोचल्याचं दिसलं तेव्हा शीतलनं कपाळ भिंतीला टेकवलं. इतका वेळ जिचा आवाज तसूभर हलला नव्हता, ती बाई आता गदागदा हलत होती. बोलायची माझी लायकी नव्हती. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पडद्याकडं वळली.

"हं. आता बोला. काय म्हणत हुताव मगाशी? भ्या वाटतंय म्हणून?"

बालाजीच्या मागं त्याचे सोबती डबे सोडून बसले होते. सगळे ऐकत होते, चावडीवर ऐकावं तसं. त्यांच्यासमोर तो गडी हमसून हमसून रडला. "वाटतंय शीतल," म्हणाला. "लई वाटतंय." कुणी चिडवलं नाही. एकानं उठून त्याला पाण्याचा तांब्या दिला.

संध्याकाळी मी पुण्याला सुपरवायझरना फोन केला.

"मॅडम, प्रोटोकॉल पाळला होता ना?" त्यांनी विचारलं.

"पाळला होता."

"एकांत, बंद दार, पत्रक?"

"सगळं. म्हणूनच झालं."

"मग रिपोर्टमध्ये 'तांत्रिक अडचण' लिहायचं का?"

"अडचण तांत्रिक नव्हती. अडचण मी होते. तसंच लिहा."

त्यांनी 'समुपदेशकाची चूक' असं लिहिलं. बरं वाटलं नाही, पण बरोबर होतं. पत्रकात 'जागा सुरक्षित असावी' ही एक ओळ वाढली. घंटेबरोबरची थरथर बंद करायला संस्थेला दीड महिना लागला.

आणखी एक पेच होता. क्लायंटचं बोलणं बाहेर सांगायचं नाही हा आमचा पहिला नियम, आणि जिवाला धोका असेल तर सांगायचंच हा दुसरा. मुकादमाला कळवावं, तर बालाजीचं काम जाणार. न कळवावं, तर उद्या तिथं दुसरा कुणी असाच जाऊन बसायचा. सकाळी मी बालाजीला फोन लावला. त्यानं आदल्या दिवशीच मुकादमाला सगळं सांगितलं होतं. मुकादमानं आधी ठेवणीतल्या शिव्या हासडल्या, मग दिवाळीपर्यंत त्याला लेबलं लावायच्या शेडमध्ये बायकांबरोबर बसवलं. बालाजीला ते फार लागलं. शीतल मला म्हणाली, "मला तर पेढे वाटावं वाटतंय."

पुढं चार सेशन झाली, रविवारी, दोघं एकाच फोनसमोर, आपल्या घरात. भराईच्या कामावर तो दिवाळीनंतर परत गेला. आता तो घरी आल्यावर तिला सांगतो, आज काय सांडलं, कोण चुकलं, कुठं काळजात धस्स झालं. ती विचारते, तो उत्तर देतो. फोन दिवसातून एक होतो, सुट्टीत, पेटीजवळ उभं राहून.

माझ्यापुरतं सांगायचं, तर मी आता 'एकटे आहात ना' हे नंतर विचारते. पहिला प्रश्न, 'कुठं बसलाय? फोन फिरवून दाखवा.' लोक काय काय दाखवतात! परंड्याची एक बाई चालू गिरणीच्या पट्ट्याशेजारी बसली होती. माकणीचा एक जण विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसला होता, का, तर तिथं रेंज येते. बोलणं पुढं ढकलता येतं, आधी जागा बदला म्हणते. हे अजून उंटावरून शेळ्या म्हणतातच. मी आता त्यांना उत्तर देत नाही.

शेवटच्या सेशनला मी फाइलचं पहिलं पान काढलं आणि शीतलला 'पत्नीला अकारण भीती' ही ओळ वाचून दाखवली. असं करायची आमच्यात पद्धत नाही. 'अकारण' हा शब्द मी खोडला होता, तेही सांगितलं.

"माझं चुकलं होतं शीतल," मी म्हणाले.

बालाजी शेजारी मान खाली घालून बसला होता, त्याच्याकडं तिनं एकदा बघितलं.

"खोडलं ते बरं केलं," ती म्हणाली. "आता त्याच्याखाली अजून एक लिव्हा. ह्यांला बी वाटतंय."

मी लिहिलं.

"आन मॅडमला बी वाटतंय, ते लिव्हा."

तेही लिहिलं, खाली सही केली आणि फाइल बंद केली.